शेतातील व कालव्यावरील घुशींसाठी सापळे लावण्याची सुधारित पद्धत

गहू पोटरीवर आला, हरभऱ्याला घाटे धरले, उन्हाळी भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत गेल्या की उंदीर व घुशींच्या तक्रारी सुरू होतात. वर्धा जिल्ह्यात ओलिताखालील वावरांमध्ये हा त्रास अधिक आहे. बोर, धाम व निम्न वर्धा प्रकल्पांच्या पाण्यावर जेथे रब्बी पिके उभी राहतात तेथे उंदरांना बारा महिने चारा, ओलावा आणि बिळासाठी भुसभुशीत धुरा मिळतो. बरेच शेतकरी बाजारातून दोन पिंजरे विकत आणतात, भजे लावून धुऱ्यावर ठेवतात, चार दिवसांत काही सापडले नाही की पिंजरे गोठ्यात टांगून ठेवतात. पिंजरा बिघडलेला नसतो. तो कोठे, कसा आणि केव्हा ठेवला याकडे लक्ष दिलेले नसते. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

उंदीर कोणता ते आधी ओळखा

सगळ्या उंदरांना एकच सापळा व एकच जागा चालत नाही. आपल्या काळ्या जमिनीत भेगांमध्ये राहणारा मऊ केसांचा उंदीर (मिलार्डिया मेल्टाडा) फार खोल बीळ करीत नाही. कापूस, सोयाबीनच्या वावरात तो भेगेतून भेगेत पळतो. शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असलेला, लांब मागच्या पायांचा टाटेरा इंडिका हलक्या, मुरमाड जमिनीत राहतो व बिळाचे तोंड उघडे ठेवतो. अंगठ्याएवढा शेतउंदीर मस बुडुगा धुऱ्याच्या पोटात लहान लहान छिद्रे पाडतो. या सर्वांत जास्त नुकसान करणारा म्हणजे बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस, ज्याला आपल्याकडे सरसकट घूस म्हणतात. घराजवळ दिसणारी मोठी घूस वेगळी. ही तिच्यापेक्षा लहान, काळपट, आखूड तोंडाची व चिडखोर असते. पकडली की अंगावर केस उभे करून फुसफुसते.

शेतातल्या घुशीचे बीळ ओळखायला सोपे आहे. तोंडाशी ताज्या बारीक मातीचा ढीग असतो आणि तोंड आतून मातीने बुजविलेले असते. आत फाटे, पिलांची खोली, धान्याची कोठारे असतात. एक-दोन आडवाटा अशा असतात की त्यांच्यावर मातीचा पातळ थर ठेवलेला असतो. कुदळीचा आवाज आला की घूस तो थर फोडून पलीकडे निघते. गव्हाच्या ओंब्या कापून ती आतील कोठारात भरते, म्हणून तिने खाल्लेल्यापेक्षा तिने नेलेले जास्त असते.

आता कोणती बिळे चालू आहेत हे पाहण्याची जुनी व खात्रीची रीत अशी. संध्याकाळी धुऱ्यावरील सर्व उघडी तोंडे पायाने माती लोटून बंद करावीत व बुजलेल्या तोंडांवरील ढीग सपाट करून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी तोंडे उघडली असतील किंवा जेथे नवीन माती आली असेल, ती चालू बिळे. त्यांच्याजवळ पऱ्हाटीची काडी रोवून खूण करावी. पन्नास तोंडे दिसली तरी चालू बिळे कित्येकदा दहा-बाराच निघतात, आणि सापळे त्या दहा-बारांनाच लावायचे असतात.

जागा

उंदराची नजर कमजोर असते. तो मिशा व अंगावरील लांब केस कशाला तरी घासत, कडेकडेने चालतो. त्यामुळे मोकळ्या जागी ठेवलेला सापळा त्याच्या वाटेत येतच नाही. धुऱ्याच्या गवतात नीट पाहिले तर बोटभर ते चार बोटे रुंद, गुळगुळीत झालेली वाट दिसते; तिच्यावर लेंड्या व कुरतडलेल्या काड्या पडलेल्या असतात. चाप लावायचा तो या वाटेला आडवा, आमिषाची बाजू धुऱ्याला टेकवून. पिंजरा लावायचा तो वाटेच्या लांबीने, दार बिळाच्या दिशेने करून. वाटेच्या दोन्ही अंगांना तुराट्यांचे चार-चार तुकडे तिरपे रोवले म्हणजे उंदीर बाजूने निघून न जाता सापळ्याकडेच वळतो. एवढ्या तुराट्यांना पैसा लागत नाही, पण त्या रोवलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट बैठकीची. काळी जमीन भेगाळलेली व ढेकळांची असते. तिच्यावर ठेवलेला पिंजरा पाय पडताच डुगडुगतो आणि उंदीर माघारी फिरतो. कुदळीने जागा सपाट करून, ढेकळे फोडून, हाताने दाबून सापळा असा बसवावा की कोपऱ्यावर बोट दाबले तरी हलू नये. पिंजऱ्याच्या तळाच्या तारांवर पातळ माती पसरावी. उंदराला पायाखाली लोखंड लागत नाही. प्रत्येक सापळा तारेने खुंटीला बांधावा, नाहीतर कुत्रा किंवा कोल्हा शिकारीसकट सापळा घेऊन जातो.

बुजविलेले बीळ उघडून लावलेला सापळा

घुशीसाठी सर्वांत उपयोगी पडणारी युक्ती तिच्या स्वभावातूनच निघते. तिला बिळाचे उघडे तोंड खपत नाही. वारा व उजेड आत आला की ती माती घेऊन तोंड बुजवायला येते. उत्तर अमेरिकेत बीव्हर नावाचा मोठा जलचर कुरतडणारा प्राणी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालतो. तेथील सापळेवाले त्या बांधाला लहानसे भगदाड पाडतात आणि बीव्हर डागडुजीला येईल त्या जागी सापळा लावतात. आपल्याकडे बीव्हर नाही, पण घुशीच्या बाबतीत हाच न्याय तंतोतंत लागू पडतो.

पद्धत अशी. सूर्य मावळण्याच्या सुमारास खूण केलेल्या बिळाच्या तोंडावरचा ढीग बाजूला करावा. खुरप्याने आतील मातीचा बूच काढून सुमारे हातभर मार्ग मोकळा करावा व निघालेली माती दूर टाकावी. येथे एक चूक हमखास होते ती म्हणजे चाप थेट बिळाच्या घशात ठेवणे. घूस माती पुढे ढकलत येते; ती माती चापावर पडते, चाप रिकामाच सुटतो आणि त्या घुशीला आयुष्यभराचा धडा मिळतो. म्हणून सापळा तोंडापासून एक वीत बाहेर ठेवावा. बिळाचे तोंड व पिंजऱ्याचे दार यांमध्ये दोन्ही बाजूंना विटा किंवा दगड लावून गल्ली करावी व तिच्यावर कवेलू झाकावे. उजेड आत जाण्यापुरती फट मात्र राहू द्यावी, कारण संपूर्ण अंधार केला तर घुशीला तोंड उघडे असल्याचे कळणार नाही. एका बिळाची दोन-तीन तोंडे असतील तर सर्वांवर एकाच संध्याकाळी सापळे लावावेत. सापळे कमी असतील तर उरलेली तोंडे दगड व ओल्या चिखलाने घट्ट ठोकून बंद करावीत.

आमिष व सवय

गव्हाच्या वावरात गव्हाचे दाणे आमिष म्हणून लावण्यात अर्थ नाही. भोवती तेच पीक उभे असते. शेतात जे नाही ते लावावे. खोबऱ्याचा तुकडा, तळलेले भजे, सुके झिंगे, शेंगदाणे व गुळाची गोळी यांपैकी जे मिळेल ते चालते. आमिष दोऱ्याने कडीला बांधावे, म्हणजे उंदराला ते ओढावे लागते व चाप सुटतो. मुंग्या एका रात्रीत आमिष पोकळ करतात. सकाळी पाहून रोज बदलावे.

नव्या वस्तूला उंदीर बिचकतो, हे घरातील व गोदामातील काळ्या उंदरात फार दिसते. त्यासाठी पहिल्या दोन-तीन रात्री सापळे आमिष लावून, पण चाप न ताणता, दार बांधून उघडे ठेवावेत. उंदीर निर्धास्तपणे खाऊ लागले की पुढच्या संध्याकाळी सर्व सापळे एकदम चालू करावेत. वर सांगितलेल्या उघड्या बिळाच्या पद्धतीत मात्र ही वाट पाहण्याची गरज नाही, कारण तेथे घूस खायला येत नसून तोंड बुजवायला येते.

माणसाच्या हाताच्या वासाने उंदीर येत नाही, म्हणून सापळा दरवेळी जाळावर धरावा असे पुष्कळ शेतकरी सांगतात. जाळावर धरून स्प्रिंगचा ताण मात्र जातो. आधी उंदीर सापडलेल्या पिंजऱ्याला दुसरे उंदीर सहसा बिचकत नाहीत, उलट त्या वासाने जवळ येतात. सडके रक्त, रॉकेल व कीटकनाशकाचा वास मात्र टाळावा. गरम पाण्याने घासून उन्हात वाळविणे पुरेसे आहे.

चाप किती हलका सुटावा? घुशीसाठी ताण थोडा जास्त चालेल. लहान शेतउंदराचे वजन दहा-बारा ग्रॅमच्या आसपास असते. पिंजऱ्याच्या आतील पायफळीवर काडीने सरकवत रुपयाची तीन-चार नाणी ठेवून पाहावीत. तेवढ्यावर दार पडत असेल तर तो पिंजरा लहान उंदरालाही चालेल. लाकडी चापाची परीक्षा लांब काडीनेच करावी, बोटाने करू नये.

किती सापळे, किती दिवस

दोन पिंजरे महिनाभर लावण्यापेक्षा वीस पिंजरे पाच-सहा रात्री लावणे कितीतरी बरे. मादी सुमारे तीन आठवड्यांत वितते व एका वेळी सहा-आठ पिले देते. अधूनमधून एखादा उंदीर पकडला तर त्याची जागा पिले भरून काढतात. आठवड्यानंतर जे उरतात ते सापळ्याला हुशार झालेले असतात, तेव्हा सापळे उचलावेत व महिन्याने जागा बदलून पुन्हा लावावेत. एकट्याने केलेले काम शेजारच्या धुऱ्यावरून आलेले उंदीर पंधरवड्यात धुवून टाकतात. त्यामुळे एका पाटचारीवरील सर्व शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावावेत. पाळीपाळीने पाणी घेणाऱ्यांना हे जमण्यासारखे आहे. मे-जून महिन्यात शेत मोकळे असताना उंदीर धुऱ्यांवर व गंजी, कुटाराच्या ढिगांजवळ गोळा झालेले असतात. संख्या कमी व ठिकाण माहीत, अशी वेळ वर्षात पुन्हा येत नाही.

झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष दिल्यावर जे उंदीर थोडे खाऊन वाचतात ते पुन्हा त्याला तोंड लावत नाहीत. अशा उरलेल्या उंदरांसाठी सापळा हाच उपाय राहतो.

कालवा, पाटचारी व शेततळे

येथे पिकापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. घूस कालव्याच्या भरावात पाण्याच्या पातळीच्या थोडे वर बीळ करते. पाणी वाढले की ते बिळात शिरते, पलीकडे झिरपते, झिरप मातीचे कण वाहून नेतो, बीळ रुंदावते व एके रात्री भराव फुटतो. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची पाळी त्या रात्री बुडते. नेदरलँड्समध्ये मस्करॅट हा बाहेरून आलेला उंदरासारखा प्राणी बांध पोखरतो, म्हणून तेथील पाणी मंडळांनी पगारी सापळेवाले ठेवले आहेत. आपल्या पाणी वापर संस्थांनी दोन माणसांना हंगामापुरते हे काम दिले तरी खर्च फुटलेल्या पाटाच्या दुरुस्तीपेक्षा कमी येईल, असे माझे मत आहे.

घूस पकडल्यावर बिळाच्या तोंडात दगड कोंबून भागत नाही. बीळ शेवटपर्यंत खोदून काढावे व चिकण माती चार-चार बोटांच्या थराने, ओली करून, धुमसाने ठोकीत भरावी. शेततळ्याच्या काठावर प्लास्टिक अस्तराच्या कडेला व ठिबकच्या नळ्यांच्या टोकांना सापळ्यांची रांग ठेवावी, कारण उंदीर दोन्ही कुरतडतात.

पाय पकडणारे लोखंडी चाप नकोत

रानडुकरांसाठी दातेरी लोखंडी चाप किंवा तारेचे फासे लावावेत का, असे शेतकरी विचारतात. नुकसान मोठे असते हे खरे, तरीही उत्तर नाही असेच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानडुक्कर, रोही, सायाळ यांना परवानगीशिवाय सापळ्यात पकडणे हा गुन्हा आहे. शिवाय चापाला कोणाचा पाय पडला ते कळत नाही. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथील वाघ, बिबटे नाल्यांच्या काठाने शेतांतून फिरतात, आणि त्याच नाल्यावर आपली गुरे व मुले जातात. रानडुकराच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज वेळेत करावा.

उंदरांचे चापही सकाळी उजाडताच बंद करावेत. दिवसा त्यात खार, मुंगूस, तितर, घोरपड अडकतात. रात्रीच्या चापावर दोन कवेलूंचा बोगदा केला तर पक्षी वाचतात. धामण दिसली तर मारू नये. घुबडाला आपण अशुभ मानतो, पण ते रोज रात्री उंदीर खाते; गव्हात इंग्रजी टी आकाराचे उंच मचाण रोवून त्याला बसायला जागा द्यावी.

हाताळताना

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला, ही आठवण जुन्या वाचकांना असेल. उंदीर मेला की अंगावरील पिसवा त्याला सोडून दुसरे शरीर शोधतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही होतो, व पायाला जखम असलेल्या ओलितदाराला धोका जास्त. म्हणून रबरी हातमोजे घालावेत. पिंजऱ्यातील जिवंत उंदीर पोत्यात घेऊन डोक्यावर एकाच जोरदार फटक्याने मारावा. त्याला तडफडत ठेवू नये किंवा दुसऱ्याच्या शिवारात सोडू नये. मेलेले उंदीर विहीर व पाटापासून दूर, दोन फूट खोल पुरावेत. कोठे न मारता आपोआप मेलेले उंदीर दिसू लागले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. ताप आल्यास डॉक्टरांना उंदीर हाताळल्याचे सांगावे.

हंगाम संपल्यावर सापळे घासून, वाळवून, स्प्रिंगला जवसाचे तेल लावून ठेवावेत. ठेवण्याची जागा फवारणीच्या औषधांपासून लांब असावी.