गाडीचं कुलूप आणि तीस सेकंद

सेंट्रल लॉकिंग हा विषय आपल्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. मलाही त्यात पडायचं काही कारण नव्हतं. पण मे महिन्यात सांगलीजवळ एका लग्नाला गेलो असताना जे घडलं, त्यानंतर मी दोन दिवस मामाच्या गाडीची दारं खोलून बसलो होतो.

घडलं ते असं. जेवणं आटोपून निघायची वेळ. मामाने रिमोटने गाडी उघडली, डावीकडचं मागचं दार उघडून दोन वर्षांच्या मामेबहिणीला सीटवर झोपवलं, किल्ली तिथेच बाजूला टाकली, दार लावलं आणि आहेराच्या पिशव्या आणायला चार पावलं मागे गेला. परत येतो तोच 'खट्' असा आवाज झाला आणि चारही दारं आतून बंद! काचा वर, ऊन दुपारी दोनचं, आणि दुसरी किल्ली घरी, म्हणजे बारा किलोमीटरवर. मामी तर रडायलाच लागली. शेवटी आचाऱ्याने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि पोरीपासून सगळ्यात लांबची, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची पुढची काच कोपऱ्यावर हाणून फोडली. पोरगी घामाघूम झाली होती, बाकी काही नाही.

"गाडी आपली आपण लॉक झालीच कशी?" हा प्रश्न सगळ्यांनी मला विचारला, कारण मी इंजिनिअरिंगला आहे. उत्तर अर्थातच येत नव्हतं.

आधी एक गैरसमज दूर करू. दार धरून ठेवतं ते कुलूप नव्हे. दाराच्या कडेला आत एक लॅच असतो, त्याचा पंजा गाडीच्या खांबावरच्या लोखंडी कडीला पकडतो. आपण हँडल ओढलं की सळईमार्फत लॅचमधला खटका सुटतो आणि पंजा कडी सोडतो. कुलूप लावणं म्हणजे हँडल आणि खटका यांच्यातला दुवा तोडणं, बस एवढंच. मग हँडल नुसतंच पोकळ हलतं. काचेजवळची खुंटी खालीवर करताना आपण हेच करत असतो, आणि सेंट्रल लॉकिंगमध्ये ती खुंटी हाताऐवजी मोटर ओढते.

दाराचं आतलं पॅड काढल्यावर ही मोटर दिसते. काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत 12 व्होल्टची छोटी डी.सी. मोटर, पुढे वेग कमी करून जोर वाढवणारे प्लॅस्टिकचे गिअर आणि शेवटी रॅक-पिनियन. रॅकला जोडलेली सळई दीड-दोन सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकते. मामाच्या गाडीत गिअर साधे स्पर होते, म्हणून खुंटी हाताने ढकलली तरी ते उलटे फिरतात. वर्म गिअर असता तर तो उलटा फिरला नसता, आणि मग मध्ये क्लच किंवा मोकळी जागा ठेवावी लागली असती. बॅटरी मेली तरी माणसाला हाताने दार उघडता आलंच पाहिजे. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पावसात बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली, हे आपल्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय भारतात नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती मात्र 1 जुलै 2019 पासून.

आता मोटर दोन्ही दिशांना फिरवायची कशी? डी.सी. मोटरची टोकं उलटसुलट केली की ती उलटी फिरते, हे बारावीचं पोरगंही सांगेल. कंट्रोल बॉक्समध्ये त्यासाठी दोन रिले असतात. मोटरची एक वायर एका रिलेच्या कॉमन टोकाला, दुसरी दुसऱ्याच्या. एरवी दोन्ही रिले आपापली वायर अर्थला धरून बसलेले असतात. पहिला रिले ओढला गेला की त्याची वायर 12 व्होल्टवर जाते, करंट मोटरमधून दुसऱ्या रिलेवाटे अर्थला जातो आणि कुलूप लागतं. दुसरा ओढला की उलट. (चुकून दोन्ही एकदम ओढले गेले तर? काही नाही, दोन्ही टोकांना 12 व्होल्ट, मोटर गप्प. शॉर्ट होत नाही. ही जोडणी मला फार आवडली.) हा वीजपुरवठा एक सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. कारण सळई टोकाला जाऊन थांबली की मोटर अडते, आणि अडलेली मोटर भरमसाट करंट खाते. रिले चिकटून राहिला तर वाइंडिंग जळतंच.

बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरची मोटर असते आणि बाकी तिघांना दोन वायरची. जादा तीन वायरी आतल्या स्विचच्या असतात. आपण किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडलं की सळईबरोबर तो स्विच हलतो, बॉक्सला कळतं, आणि तो बाकीच्यांना हुकूम सोडतो. म्हणजे एक दार शहाणं आणि तीन हुकुमाचे ताबेदार.

रिमोटचं थोडक्यात सांगतो. चांगल्या रिमोटमध्ये दर वेळी वेगळा कोड जातो, नाहीतर कुणीही तो पकडून पुन्हा वाजवला असता. कीलॉक ही त्यातली गाजलेली पद्धत, 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली. रिमोट आणि गाडी दोघंही एक आकडा मोजत असतात. खिशात बटण चुकून दाबलं जाऊन रिमोट थोडा पुढे गेला तरी गाडी समजून घेते, मागचा आकडा मात्र घेत नाही. 2008 मध्ये संशोधकांनी कीलॉक फोडून दाखवलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मूळ प्रश्नाकडे येऊ. किटबरोबर आलेला घडी घातलेला कागद मामाच्या कपाटात सापडला. त्यात लिहिलं होतं की रिमोटने गाडी उघडल्यावर 30 सेकंदांत एकही दार उघडलं नाही, तर गाडी पुन्हा लॉक होईल. खिशात बटण दाबलं जाऊन गाडी रात्रभर उघडी राहू नये म्हणून ही सोय. उत्तमच आहे. पण मामाने तर दार उघडलं होतं! मग बॉक्सला ते कळलं कसं नाही?

किट बसवणारा म्हणाला, "बॉक्स गेलाय, नवीन टाका." मला ते पटलं नाही. काच नवीन बसल्यावर मी किल्ली हातात घेऊन आत बसलो, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि एकेक दार उघडून, लावून बघितलं. पुढची दोन्ही, मागचं उजवं: काही झालं नाही. मागचं डावं: बरोबर तिसाव्या सेकंदाला 'खट्'. अंगावर काटाच आला.

दार उघडलंय हे बॉक्सला कळतं ते केबिनमधल्या दिव्याच्या वायरीवरून. प्रत्येक दाराच्या खांबावर रबरी टोपीचं एक बटण असतं. दार उघडलं की ते बाहेर येतं आणि दिव्याची वायर अर्थला जोडतं. चारही बटणं पॅरलल, कुठलंही एक जोडलं गेलं तरी चालतं. बटणाला वायर एकच असते, अर्थ मिळतो तो ज्या स्क्रूने ते बसवलंय त्याच्यातून. मल्टीमीटर लावला. तीन बटणं शून्याच्या आसपास ओहम, चौथं ओपन. स्क्रू काढला तर खाली नुसता गंज. बॉक्सच्या लेखी ते दार कधी उघडलंच नव्हतं, आणि त्याने नियमाप्रमाणे आपलं काम केलं होतं.

काचपेपरने पत्रा घासला, नवीन स्क्रू टाकला, वरून थोडं ग्रीस लावलं. खर्च स्क्रूचा. पुन्हा तीस सेकंद, मग एक मिनिट, मग पाच. आवाज नाही.

मामीला हे सगळं समजावून सांगत होतो, तर ती मामाकडे बघून म्हणाली, "मी दिवाळीपासून सांगतेय, मागचं दार उघडलं की दिवा लागत नाही म्हणून." मामा म्हणाला, "दिवसा दिवा कशाला लागतो?" आणि किल्ली शर्टाच्या खिशात घालून चहा आणायला गेला.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)