सैंधव

एकादशीच्या दिवशी काही घरांत नेहमीचे मीठ बाजूला ठेवतात आणि गुलाबी छटेचा एक खडा कुटून तो फराळात घालतात. आजी त्याला शेंदेलोण म्हणते. वैद्यबुवांच्या पुडीवर सैंधव असे लिहिलेले असते. मुलांनो, ही नावे दिसायला निराळी, पण एकाच कुळातली आहेत.

मनूपासून मानव, यदूपासून यादव, पांडूपासून पांडव. त्याच रीतीने सिंधूपासून सैंधव, म्हणजे सिंधुदेशात झालेले. संस्कृतातील लवण लोकांच्या तोंडी लोण झाले; आपले लोणचेही त्या लवणाचेच. सिंदूराचा जसा शेंदूर, तसे सैंधव-लवणाचे शेंदेलोण.

हे मीठ खाणीतून निघते. सिंधू आणि झेलम या नद्यांच्या दरम्यान मिठाच्या डोंगरांची एक रांगच आहे. तेथील खेवड्याची खाण प्रसिद्ध असून १९४७ पासून तो मुलूख पाकिस्तानात आहे. नाव मात्र फार जुने. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याचे स्वरूप समजावून देतो, तेव्हा पाण्यात विरघळणाऱ्या सैंधवाच्या खड्याचाच दृष्टान्त घेतो.

सिंधुदेशाचे घोडेही नामांकित होते. म्हणून घोड्यालाही सैंधव म्हणत. मग धन्याने "सैंधव आण" अशी आज्ञा केली, तर सेवकाने काय आणावे? संस्कृत पंडितांचे हे मोठे आवडते उदाहरण. धनी जेवायला बसला असेल तर मीठ, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. पानाजवळ घोडा आणून उभा करणारा सेवक कोशाप्रमाणे चुकलेला नसतो, एवढे मात्र खरे!

एकदा मी वर्गात सैंधवाचा अर्थ विचारला. एका मुलाने 'समुद्राचे मीठ' असे लिहिले. सिंधु म्हणजे समुद्र, असाही अर्थ आहे, हे त्याला ठाऊक होते. मी त्यावर फुली मारली. कारण वैद्यकग्रंथांत समुद्राच्या मिठाला सामुद्र हे स्वतंत्र नाव आहे. मुलगा काही बोलला नाही. परंतु त्यानंतर पुष्कळ दिवस त्याने वर्गात हात वर केला नाही.

पुढे भूगर्भशास्त्राच्या एका पुस्तकात मी वाचले, की पन्नास कोटी वर्षांहूनही पूर्वी त्या डोंगरांच्या जागी उथळ समुद्र होता. तो आटला, त्याचे मीठ थराथरांनी साचले आणि मातीखाली गाडले गेले. तेच हे सैंधव! शब्दापुरती माझी फुली बरोबर होती. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलाविले आणि ते पान सर्व वर्गाला मोठ्याने वाचून दाखवावयास सांगितले.