विजेची वाट आणि लहान संगणक

‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक २०१२ सालीं निघाला. त्याच्या चौथ्या आवृत्तीस ५ व्होल्ट दाबाची, ३ अँपिअरपर्यंत वीज लागते. दाब सुमारें ४.६३ व्होल्टांखालीं उतरला कीं पडद्यावर विजेची पिवळी खूण दिसते. अशा वेळीं संगणकास दोष देण्यापूर्वीं तारेकडे पाहावें, असें आम्ही सांगतों.

जर्मन शास्त्रज्ञ ओम यानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें, प्रवाहास रोधानें गुणिलें असतां दाबाची घट मिळते. तारेचा रोध पाव ओम व प्रवाह २ अँपिअर असल्यास अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्च होतो; उरतात साडेचार!

आपल्या बीड जिल्ह्यांतील परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्राची वीज दूर नेतांना दाब फार उंच ठेवितात, तो याचसाठीं: प्रवाह कमी, म्हणून घटही कमी. पांच व्होल्टांत ही सोय नाहीं. म्हणून तार आंखूड व जाड असावी आणि अडॅप्टर पुरेशा अँपिअरचा असावा. चारही यूएसबी जोडण्यांस मिळून १.२ अँपिअरच मिळतात. यास्तव हार्ड डिस्क स्वतंत्र वीज घेणाऱ्या हबला जोडावी.

हयगय केल्यास मेमरी कार्ड बिघडून वर्षाचें काम नाहींसें होऊं शकतें. म्हणून पालकांनींही नवा संगणक घेण्यापूर्वीं तार बदलून पाहावी.