मन दुखावले की कायदा मोडला?

(अभ्यासलेख)



मार्च २०१२ मध्ये मुंबईतील इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, प्रार्थना सुरू झाली, कोणी ते पाणी बाटलीत भरून घरी नेले. सनल एडमरुकू नावाचे एक बुद्धिवादी कार्यकर्ते तेथे आले. त्यांनी पाहणी केली आणि जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याची ओल भिंतीतून वर चढून मूर्तीपर्यंत येते, असे सांगितले. कंदिलाची वात रॉकेल वर ओढते, तसाच हा प्रकार. पुढे दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी चर्चवर चमत्कारांचा बाजार मांडल्याचा आरोप केला. त्यानंतर काही प्रापंचिक कॅथलिक संघटनांनी मुंबईतील पोलीस ठाण्यांत त्यांच्याविरुद्ध फिर्यादी दिल्या. कलम होते भारतीय दंड संहितेचे २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावणे. त्याच वर्षी एडमरुकू देश सोडून फिनलंडला गेले.

मुंबई महाधर्मप्रांताने स्वतः फिर्याद दिली नव्हती, आणि हा चमत्कार असल्याचे जाहीरही केले नव्हते. तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच की, "ख्रिस्ती लोकांनी त्या माणसाला पळवून लावले." म्हणून हा विषय आपणही नीट समजून घेणे आवश्यक आहे. आपण अल्पसंख्य आहोत. आपल्याविरुद्ध द्वेषाची भाषा वापरली जाते तेव्हा कायद्याने आपल्या पाठीशी उभे राहावे, असे आपल्याला वाटते आणि ते योग्यच आहे. पण तोच कायदा आपल्या हातात आला तर आपण तो कशासाठी वापरतो?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतात. त्यांची कारणे त्याच कलमात मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. या यादीत "धार्मिक भावना" हा शब्द कोठेही नाही. हे अनेकांना ठाऊक नसते. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात २९५अ कलम घटनाबाह्य आहे असा युक्तिवाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर. आणि सोबत मर्यादाही सांगितली: धर्माचा प्रत्येक अवमान हा गुन्हा नव्हे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने, एखाद्या वर्गाच्या धर्मभावना भडकविण्यासाठी केलेला अवमान तेवढाच या कलमाखाली येतो.

हे कलम आले १९२७ साली. लाहोरमध्ये प्रेषित महंमदांविषयी एक अपमानकारक पुस्तिका निघाली होती. तिचा प्रकाशक तेथील उच्च न्यायालयातून सुटला, कारण तेव्हाच्या कायद्यात अशा लिखाणाला शिक्षाच नव्हती. शांतता राखण्यासाठी इंग्रज सरकारने नवे कलम घातले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यामुळे २९५अ आता कलम २९९ झाले आहे, आणि गटागटांत वैर पसरविण्याबद्दलचे जुने १५३अ आता १९६ आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैर पसरविण्याचा गुन्हा प्रार्थनास्थळात केला तर पाच वर्षांपर्यंत. दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणजे निकाल लागायच्या आधीच अटक, वकील, तारखा. निर्दोष सुटलेल्या माणसालाही शिक्षा भोगून झालेली असते.

महेंद्रसिंह धोनीचे उदाहरण तरुणांना आठवत असेल. २०१३ साली एका मासिकाने त्याला मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात, हातांत निरनिराळ्या वस्तू देऊन दाखविले. खटला झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अवमान या कलमात बसत नाही, दुष्ट हेतू हवा, असे न्यायालयाने म्हटले.

पण महाराष्ट्राच्या मनाला खरा चटका लावणारे प्रकरण जेम्स लेन यांच्या पुस्तकाचे. या अमेरिकन प्राध्यापकाचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक २००३ साली आले. त्यात महाराजांच्या जन्माविषयी एक अत्यंत अशोभनीय, निराधार कुजबुज छापलेली होती. ती येथे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात जन्मलेल्या कोणाही माणसाला ती वाचून संताप यावा अशीच ती होती. आपल्या ख्रिस्ती घरांतही महाराजांविषयीचा आदर शेजाऱ्यापेक्षा तसूभर कमी नाही. इतिहास संशोधकांनी निषेधाचे पत्र लिहिले आणि नोव्हेंबर २००३ मध्येच प्रकाशकाने पुस्तक भारतातील बाजारातून मागे घेतले. शब्दाला शब्दाने दिलेले उत्तर पुरेसे ठरले होते. तरीही डिसेंबरमध्ये पुण्यात संस्कृतचे एक अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. दुर्मीळ हस्तलिखिते व ग्रंथ अस्ताव्यस्त झाले. या संस्थेचा गुन्हा काय, तर लेखकाने तेथे बसून अभ्यास केला होता.

पोलिसांनी लेखक व प्रकाशनाशी संबंधित लोकांवर १५३अ खाली गुन्हा नोंदविला. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालय काय म्हणाले, हे शांतपणे समजून घेण्यासारखे आहे. लिखाण चांगले आहे असे ते म्हणाले नाही. त्यांनी हेतू तपासला: एका समाजाला दुसऱ्याविरुद्ध उठविण्याचा हेतू दिसतो का? आणि पुस्तक समग्र वाचावे, एखादे वाक्य तोडून काढून त्यावर खटला उभारता येत नाही, असे सांगितले. राज्य सरकारने घातलेली बंदीही त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने उठविली, आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

या निकालांमागे एक जुनी कसोटी आहे, आणि ती आपल्या नागपूरची आहे. चाळीसच्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी म्हटले होते की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यवान माणसाच्या मापाने मोजावा. दुबळ्या मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरील खटला रद्द करताना हीच कसोटी लावली. शिवाय तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या भाषणाच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, असेही सुचविले.

या मापाने इर्ल्याचे प्रकरण पाहा. भिंतीत ओल आहे असे सांगणे हा धर्माचा अवमान होऊ शकत नाही. चर्चविषयीचे कडवट शब्द आपल्याला झोंबले, हे खरे. पण ते आपल्याविरुद्ध कोणाला उठवीत नव्हते. माझ्या मते तेथे पोलिसाऐवजी प्लंबरला बोलवायला हवे होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. शब्दाने कोणाचे हाड मोडत नाही असे म्हणणाऱ्यांनी ओडिशातील कंधमाळ आठवावे. २३ ऑगस्ट २००८ रोजी तेथे स्वामी लक्ष्मणानंद यांची हत्या झाली. माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, पण दोष ख्रिस्ती लोकांच्या माथी मारला गेला. पुढील दिवसांत घरे, चर्च जळाली, माणसे मारली गेली, हजारो लोक जंगलात पळाले. आपल्या राज्यात धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. कारण मोबाईलवर फिरणारी मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा. तो निरोप पुढे पाठविणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काही वाईट केले असे वाटलेही नसेल.

येथे द्वेषाचे भाषण आणि द्वेषातून केलेला गुन्हा यांत फरक करावा लागतो. मारहाण, खून, जाळपोळ हे गुन्हेच आहेत. त्यांना अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. माणूस कोणत्या जातीचा वा समाजाचा आहे म्हणून त्याला मारले, तर तो गुन्हा अधिक गंभीर मानावा, एवढाच प्रश्न असतो. नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळे पोटकलम आहे. त्याआधी आपल्याकडे या प्रकारचा प्रमुख कायदा म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. पण भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले, तेव्हाही न्यायालयाने खुनाची शिक्षा दिली आणि हा कायदा मात्र लागू केला नाही. आणि आपल्यातील दलित ख्रिस्ती बांधवांना तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातीत धरलेच जात नाही; त्यामुळे या कायद्याचे छत्र त्यांना नाही. गावात शिवी जातीवरूनच मिळते, संरक्षणाच्या वेळी मात्र धर्म विचारला जातो. कायद्याकडे मागणी करायचीच असेल तर माझ्या दृष्टीने ती येथे करावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणी राग मानू नये. हा कायदा आपल्या तोंडालाही लागू आहे. २५व्या कलमाने आपल्याला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रभू येशूविषयी सांगताना शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करणे हा त्या हक्काचा भाग नाही. प्रार्थनासभेत, पत्रकात किंवा मोबाईलवर असे काही आले तर ते पुढे पाठवू नये. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेविषयीच आहे. घरी उघडून वाचावा.

मग फिर्याद केव्हा द्यावी? एखादा लेख, नाटक, चित्रपट आपल्या श्रद्धेवर टीका करतो, प्रश्न विचारतो, थट्टाही करतो, तेव्हा उत्तर लिहावे, न पाहण्याचा निर्णय घ्यावा, संपादकाला पत्र पाठवावे. २००६ साली "दा विंची कोड" चित्रपटावर काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतील बंदी उठविली. चित्रपट लागला, उतरला, आपली उपासना सुरूच राहिली. पण कोणी सभेत वा निरोपात "यांना गावातून हाकला", "यांच्या दुकानातून घेऊ नका", "यांना धडा शिकवा" असे म्हणू लागला, तेव्हा गप्प बसू नये. तेथे श्रद्धेवर टीका उरलेली नसते, माणसांवर हल्ल्याची तयारी चाललेली असते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला होता की, अशा भाषणावर पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता, वक्त्याचा धर्म न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवावा.

तक्रार देताना नेमके शब्द, तारीख, वेळ, ठिकाण लिहावे. ध्वनिचित्रफीत असेल तर मूळ प्रत जपून ठेवावी. ती इतरांना पाठवत बसू नये, त्याने द्वेषच पसरतो. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षक, हिंगोली यांना पाठविता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पोहोच-पावती जपावी. मात्र कलम १९६ आणि २९९ खाली न्यायालयात खटला चालण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे विलंब होतो हे ध्यानात ठेवावे.

लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत चर्चेसाठी: इर्ल्याची घटना आपल्या धर्मग्रामात घडली असती तर आपण काय केले असते? आणि गेल्या महिन्यात आपल्या मोबाईलवर दुसऱ्या समाजाविषयी आलेले किती निरोप आपण खरेखोटे न तपासता पुढे पाठविले?