सांडपाण्यावर जिवाणूंचा पहारा

प्रश्न : बोईसरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ते पाणी भरती-ओहोटीबरोबर कुठल्या कुठे गेलेलं असतं. जिवाणूंच्या विजेवरून पाण्याची प्रत लगेच कळते म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, केळवे

उत्तर : खरं आहे. सेंद्रिय घाण मोजणारी बीओडी चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते. घाण खाताना बाटलीतले जिवाणू किती प्राणवायू वापरतात, ते तीत पाहतात. जिवाणूंच्या इंधनघटात मात्र त्यांना प्राणवायू मिळूच देत नाहीत. जिओबॅक्टरसारखे जिवाणू कार्बनच्या कापडावर बुळबुळीत थर धरतात आणि घाण पचवताना सुटलेले इलेक्ट्रॉन त्या कापडालाच देतात. तारेतून ते हवा लागणाऱ्या दुसऱ्या टोकाकडे जातात. वीज अगदी क्षीण, पण ठरावीक मर्यादेपर्यंत घाण वाढेल तसा प्रवाह वाढतो आणि फरक तासाभरात दिसू शकतो. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं. कोरियात ब्युंग हाँग किम यांच्या गटाने असा बीओडी-मापक पाच वर्षांहून अधिक काळ चालवला.

बोईसरचे हे कारखाने तारापूर औद्योगिक वसाहतीतले. तारापूरसाठी मला या घटाचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. इथलं पाणी रसायनांचं. विषारी पाण्यात बीओडीच्या बाटलीतले जिवाणूही मरतात, मग आकडा कमी येतो आणि घातक पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. घटात मात्र विष येताच प्रवाह धाडकन पडतो. अर्थात खाद्य संपलं तरी तो पडतोच. म्हणून शेजारी दुसरा घट ठेवावा, त्यात त्याच पाण्याबरोबर ॲसिटेटचं खाद्य भरपूर घालावं. त्याचाही प्रवाह पडला, तर विषाचा संशय पक्का.

हा घट समुद्रात किंवा खाडीत ठेवू नये. खारेपणा बदलला की आकडे बदलतात. त्याची जागा कारखान्याच्या चेंबरमध्ये आणि सामाईक प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी.

मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूरच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई ठोठावली. अशा लढाईत घटाचा आकडा एकटा पुरावा म्हणून टिकणार नाही. प्रवाह पडताच आपोआप नमुना भरणारं यंत्र त्याला जोडावं आणि ती बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी.