शेडच्या आधी अंगण मोज

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं गं. घरात पेढ्यांची घाई चाललीय आणि तुझ्या पोटात गोळा आलाय. पाडव्याला ट्रॅक्टर-ट्रॉली दारात येणार, भाऊजी चाकणला कंपनीत, सासरे म्हणतायत जुनी पडवी पाडून तिथंच शेड टाकू, आणि मिस्त्री रोज विचारतोय, "वहिनी, खांबांचे खड्डे कुठं घेऊ?" त्याला दोन दिवस थांबव. शेतातली चार माणसं आणि म्हशीच्या दोन धारा रोज सांभाळणाऱ्या बाईला एक शेड जड नाही. फक्त सुरुवात कुठून करायची ते नीट कळलं पाहिजे.

खरं सांगू का, शेड लहान पडते असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा लहान पडतं ते अंगण. ट्रॅक्टर उभा राहायला जागा असते, तो वळून आत शिरायला नसते. म्हणून आधी अंगण मोज, मग शेड.

आमची शेड बांधली तेव्हा मी ट्रॉली मोजली ती पाठीमागच्या फाळक्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंत. दांडा धरलाच नाही. खांब उभे राहिले, पत्रा चढला आणि ट्रॉली आत घेतली, तर चार फूट दांडा दाराबाहेर. दोन पावसाळे तो तसाच भिजला, हुकाला गंज चढला, आणि एका संध्याकाळी लाइट गेलेली असताना सासूबाई त्याला अडखळून पडल्या. नडगीला टाके पडले. ते माप माझं चुकलं होतं, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. म्हणून तुझ्या मागे लागलेय.

तर बघ, टेप घे आणि वही घे. शोरूममध्ये छापील कागद मिळेल, पण आपल्या हातानं मोजलेलं वेगळं. ४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण साडेअकरा फूट लांब आणि सहा फुटांच्या आतबाहेर रुंद असतो. मागं रोटाव्हेटर लावला की लांबी तीनेक फुटांनी वाढते. ट्रॉलीचा हौदा दहा-अकरा फूट, आणि दांड्याचे चार-पाच फूट वेगळे. म्हणजे जोडलेल्या दोघांना सव्वीस-सत्तावीस फूट लागले. पुढंमागं माणूस फिरायला जागा धरली तर तीस फूट. एवढी लांब शेड तुझ्या अंगणात बसणार नाही, आणि बसवूही नकोस. ट्रॉली सोडून दोघांना शेजारी शेजारी लाव. ट्रॅक्टरचे सहा फूट, ट्रॉलीचे साडेसहा, दोघांच्या मध्ये तीन, दोन्ही भिंतींकडे दोन-दोन. झाले साडेएकोणीस. म्हणजे वीस फूट रुंद आणि सतरा-अठरा फूट खोल शेडमध्ये रोटाव्हेटरसकट दोन्ही सुखानं राहतात. मधले तीन फूट मात्र कुणाला देऊ नकोस. ग्रीस मारायला, चाकाची हवा बघायला तुला तिथून वावरायचंय, आणि पोटरीला लोखंड लागू द्यायचं नाही.

माझी एक चुलत जाऊ अमेरिकेत मिशिगनला असते. त्यांच्याकडे तळ्यावर न्यायची मोटारबोट आहे, पाण्यावर घसरगुंडी खेळायला दोरीनं माणूस ओढतात ना, तसली. ती ट्रेलरवर ठेवून घराच्या गॅरेजमध्ये घ्यायची म्हणजे त्यांनाही हेच गणित. बोट वीसेक फूट, वर ट्रेलरचा दांडा, आणि गॅरेज जेमतेम तेवढंच. म्हणून तिकडं बिजागरीनं बाजूला दुमडणारा दांडा मिळतो. दुमडला की दोनेक फूट वाचतात. आपल्या ट्रॉलीला ती सोय नसते, पण तिचं एक म्हणणं मी धरून ठेवलंय. ती म्हणाली, आम्ही गॅरेजच्या जमिनीवर आधी खडूनं बोट काढली आणि मगच विकत घेतली.

आपल्याकडं खडू कशाला, फक्की आहे. अंगणात ट्रॅक्टरचा चौकोन काढ, ट्रॉलीचा काढ, दांडाही काढ. खांब येणार तिथं चार विटा रच. मग त्यातून स्वतः चालून बघ, हातात पाण्याची कळशी घेऊन चाल. जिथं कळशी विटेला लागेल तिथं उद्या दिवा, आरसा किंवा मडगार्ड लागणार. गेटातून आत येताना ट्रॅक्टर कुठं वळेल तेही पायानं वळून बघ. तुळशीवृंदावन, हौद, चिंचेचं खोड, बोअरचा पाइप, काय काय आडवं येतं ते तेव्हाच कळतं. समोर रिकामं अंगण निदान शेडच्या दीडपट असावं, असं मी अनुभवानं सांगते.

दाराच्या मधोमध खांब घेऊ देऊ नकोस. मिस्त्री म्हणेल, मधला खांब घेतला तर खर्च वाचतो. नाही घ्यायचा. वर लोखंडी कैची टाक आणि समोर सगळं मोकळं ठेव. उंचीला पुढून अकरा, मागून नऊ फूट पुरे. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणि वरचं छत त्यात बसतं. हायड्रॉलिक ट्रॉली घेणार असाल तर तिचा हौदा शेडमध्ये किंवा विजेच्या तारेखाली कधीच उचलायचा नाही, आणि उचललेल्या हौद्याखाली कुणी उभं राहायचं नाही. हे घरातल्या प्रत्येकाला सांग, गड्यालाही.

उघडी बाजू कुठं ठेवायची? आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपत येतो. तू घोडेगावच्या बाजूची, तुला तो चांगला ठाऊक आहे. आहुपे-भीमाशंकरकडून आलेली सर तिरपी आत शिरते. बेल्ह्याकडं माझ्या माहेरी पाऊस तेवढा नाही, तिथं कसंही चालून जातं. तू मात्र पश्चिम बंद ठेव आणि तोंड पूर्वेला घे. कोब्याला बाहेरच्या बाजूला दहा फुटांना एक इंच उतार दे, जास्त नको. सोडलेली ट्रॉली उतारावर पुढं सरते. ती सोडायच्या आधी दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लाव, जॅकखाली फळी ठेव. आणि हे फार महत्त्वाचं गं, मागं माल भरलेला असताना दोनचाकी ट्रॉलीची पिन काढायची नाही. वजन मागं जातं आणि दांडा खाडकन वर उडतो.

आता बिबट्या. त्याचा विचार न करता आपल्याकडं शेड बांधता येत नाही. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, यातच सगळं आलं. ऊस तुटला की तो उघड्यावर येतो, आणि अंधारी, अडगळीची शेड त्याला आडोसा वाटते. म्हणून समोरून जाळीचा दरवाजा कर, वर पत्र्यापर्यंत. जाळीनं धूरही कोंडत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, धूर विषारी असतो. बाहेर एक दिवा लाव, आणि दिवेलागणीनंतर ट्रॉलीखाली बॅटरीचा झोत टाकल्याशिवाय जवळ जायचं नाही. वासरू आणि कुत्रं शेडच्या तोंडाशी बांधू नकोस.

शेड झाली की आठ दिवसांत घरातलं सगळं तिकडं चालायला लागेल. पोत्यांच्या थप्प्या, जुनी खाट, कडबा. इथं तू कडक राहा. कडबा आणि तापलेला सायलेन्सर एका छताखाली नकोत. कांद्याला तर वारं लागतं, त्याची जागा बराखीतच. अडगळ वाढली की उंदीर येतात आणि ट्रॅक्टरच्या वायरी कुरतडतात.

राहिली तुझी खरी भीती, ट्रॉली मागं घ्यायची. तुला वाटतं तू कधीच शिकणार नाहीस. शिकशील गं. दोनचाकी ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरतं, म्हणून डोकं गोंधळतं. हात स्टिअरिंगच्या तळाला धर. मग ट्रॉलीची शेपटी ज्या बाजूला न्यायचीय, हात त्याच बाजूला सरकव. थोडंसं सरकव, थांब, बघ, परत थोडंसं. वाकडी झाली की मागं रेटायचं नाही, पुढं घेऊन सरळ करायची. कांदा काढून झालेल्या मोकळ्या वावरात भुसा भरलेली दोन पोती खांबासारखी उभी कर आणि रोज पंधरा मिनिटं त्यांच्यामधून ट्रॉली मागं घे. मला आठवडा लागला होता. चारचाकी ट्रॉली मात्र घेऊ नका अजून, ती दोन ठिकाणी वाकते आणि मागं घेताना भल्याभल्यांना दमवते. मागून दाखवायला कुणी उभं असेल तर त्यानं तुला दिसेल असं बाजूला उभं राहायचं. ट्रॉली आणि भिंत यांच्या मध्ये माणूस नको, पोर तर नकोच. ट्रॅक्टर लावला की चावी काढून देवघरात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. रस्त्यावर निघायच्या आधी दोन्ही ब्रेकचे पायडल कडीनं एकत्र जोडलेत ना, तेही रोज बघत जा.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. फक्कीनं काढलेला आराखडा त्यांना दाखव, त्यातून त्यांनाही चालायला लाव. ते स्वतःच म्हणतील, हौद हलवावा लागेल. रविवारी हे कर, मापं वहीत लिही आणि संध्याकाळी मला फोन कर. तोवर एकही खड्डा घेऊ देऊ नकोस.