माणगंगेचे मासे

सातारा जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावणारी माणगंगा आटपाडीच्या मुलखातून वाहत जाऊन सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. तिच्या काठचा प्रदेश म्हणजे माणदेश. येथे पाऊस बेताचाच. उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडते. अशा रखरखीत भूमीत मासे कसे तग धरणार, असे परक्यास वाटावे. परंतु पाऊस पडून पाणी वाहू लागले, की त्यात पुन्हा मासे खेळू लागतात. मग उन्हाळाभर ते राहतात तरी कोठे?

नदी आटली, तरी तिचे खोल डोह लवकर आटत नाहीत. राजेवाडी व आटपाडी येथील तलावांतही पाणी टिकून असते. याच आश्रयस्थानांत माशांचा वंश जिवंत राहतो.

या बिकट परिस्थितीला पुरून उरणारा मासा म्हणजे मरळ. बहुतेक मासे पाण्यात मिसळलेल्या प्राणवायूवर जगतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. पृष्ठभागाशी येऊन ती हवा घेते व या पोकळीच्या साहाय्याने श्वसन करते. म्हणून गढूळ, उथळ डबक्यातही ती तग धरते. तिची तांबूस पिले थव्याने पोहत असतात आणि त्यांच्याखाली आईबाप पहारा करीत असतात. पहारेकऱ्यास पकडले, तर तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो.

भीमा व कृष्णा यांच्या खोऱ्यांत मळ्या नावाचा लहानसा मासा आढळतो. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या आधाराने तो दगडाला चिकटून राहतो व ओढ असलेल्या पाण्यातही वाहून जात नाही. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी अनेक माशांची येथील लोकांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. मळ्याचे शास्त्रीय नाव 'गारा मल्या' असे आहे. दख्खनच्या नदीकाठचा शब्द अशा रीतीने जगाच्या ग्रंथांत जाऊन बसला.

तलावांत काही पाहुणेही आहेत. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी आपले अन्न शोधतो. त्यामुळे एकाच तलावात तिघे सुखाने नांदतात. मात्र साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. माशांना अंतःक्षेपण देऊन अंडी घालण्यास प्रवृत्त करण्याची युक्ती डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी १९५७ साली ओडिशात यशस्वी केली. तेव्हापासून हे बीज मिळणे सुलभ झाले.

चिलापी हा पाहुणा मात्र घरच बळकावणारा निघाला. मूळच्या आफ्रिकेतील या माशाची एक जात १९५२ साली भारतात आली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. साठलेल्या पाण्यातही चिलापीची वीण झपाट्याने होते आणि देशी माशांच्या वाट्याचे अन्न व जागा ती व्यापून टाकते.

आता टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आटपाडीच्या मुलखात पोहोचले आहे. परंतु पाणी आले, म्हणजे नाहीसे झालेले मासे आपोआप परत येतात असे नाही. डोहातील वाळू उपसली, पाण्यात विष कालवले किंवा अगदी बारीक विणीच्या जाळ्याने पिलेसुद्धा ओढून काढली, तर पुढील पावसाळ्यात वंश वाढविणारे कोणी उरत नाही. शेतकरी दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. उन्हाळ्यातला डोह ही नदीची बियाण्याची कणगीच आहे.

अभ्यास

१. मरळ उथळ डबक्यात कशी जगते?
२. रोहू, कटला व मृगळ एकाच तलावात कसे नांदू शकतात?
३. डोहाला 'बियाण्याची कणगी' का म्हटले आहे?
४. आपल्या गावच्या ओढ्यात किंवा तलावात कोणकोणते मासे आढळतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची नावे लिहा.